शाळेत कोण बघतं? राज्यातील मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षकांना एका पालकाचं खुलं पत्र

राज्यातील सर्व शाळांचे मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि संस्थाचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी चौथीत शिकते आणि तिला टाइप वन मधुमेह आहे. पत्र मी एकटा लिहीत असलो तरी त्यातले प्रश्न बऱ्याच जणांचे आहेत. रुग्णालयात मुलांच्या मधुमेहाची ओपीडी असते त्या दिवशी बाहेरच्या बाकांवर आम्ही आईबाप भेटतो. कुणी ऊसतोडीला जाणारे, कुणी बँकेत, कुणाचं किराणा दुकान. डॉक्टर चांगले आहेत, पण रांग एवढी असते की प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच मिनिटं येतात. उरलेलं आम्ही एकमेकांना विचारतो.

तापात पोर काही खात नाही, मग इन्सुलिन द्यायचं की नाही? नवीन आलेली आई हा प्रश्न हमखास विचारते. जुनी आई तिला लगेच सांगते की अजिबात बंद करायचं नाही, डोस किती ते डॉक्टरांना फोन करून विचार, पण बंद केलंस तर पोरगं हातचं जाईल. पोटावर गाठी का आल्या? रोज एकाच जागी सुई टोचतोस म्हणून. पोट, मांडी, दंड अशी जागा बदलत जा. घरात फ्रीज नाही, उन्हाळ्यात इन्सुलिन ठेवायचं कुठे? मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून आत छोटं मडकं ठेवायचं, वाळू सुकू द्यायची नाही. खेड्यातल्या कितीतरी घरांत इन्सुलिन असंच सांभाळलं जातं. धाकट्या भावालाही होईल का? शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, पण बहुतेक भावंडांना होत नाही. आणि मुलीची आई असली की आवाज उतरवून एक प्रश्न येतोच: हिचं लग्न होईल का, हिला मूल होईल का? तेव्हा कुणीतरी सांगतं की साखर नीट सांभाळली, गरोदरपणाच्या आधीपासून डॉक्टरांचं लक्ष राहिलं, तर या आजाराच्या बायकांनाही सुदृढ बाळं होतात.

त्या बाकावर जवळपास सगळ्या प्रश्नांना कुणाकडे तरी उत्तर मिळतं. एकाच प्रश्नावर सगळे गप्प होतात. तो प्रश्न असा: "शाळेत कोण बघतं?"

म्हणून हे पत्र तुम्हाला.

आपल्या प्रत्येकाच्या घरात किंवा शेजारी कुणाला तरी मधुमेह असतो. आजोबांची गोळी चालू असते, चहा बिनसाखरेचा असतो, सकाळी ते फिरायला जातात. त्यामुळे या आजाराबद्दल सगळ्यांना थोडंफार माहीत असतं, आणि मुलांच्या बाबतीत नेमकी तीच माहिती घातक ठरते. टाइप वनचा गोड खाण्याशी, लठ्ठपणाशी, आईने गरोदरपणात काय खाल्लं याच्याशी काडीचा संबंध नाही. शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या नष्ट करते. त्यानंतर शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. ते बाहेरून द्यावं लागतं, रोज, जन्मभर. गोळीने भागत नाही. कारल्याचा रस, मेथी, अमक्या गावचा वैद्य, यांतल्या कशानेही ते भागत नाही. पथ्य कितीही कडक पाळलं तरी इन्सुलिनवाचून मूल जगत नाही. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून त्यांचं आयुष्य थोडं लांबवणं एवढाच उपाय डॉक्टरांच्या हातात होता. आज शंभर वर्षांनंतरही आमच्या बाकावर एखादा बाप येतो, ज्याला कुणीतरी सांगितलेलं असतं की महिनाभर काढा द्या आणि सुया थांबवा. त्याला पुन्हा इन्सुलिनकडे वळवायचं काम तिथे बसलेले पालकच करतात. तुमच्याकडे असा पालक आला, तर तुमच्या एका वाक्याने मुलाचा जीव वाचू शकतो. गावात मास्तरांच्या शब्दाला अजून वजन आहे.

आता शाळेतल्या तासांबद्दल.

आमच्या मुलांना जेवणाआधी इन्सुलिन लागतं. शिवाय दिवसभर पुरणारं दुसरं इन्सुलिन वेगळं. म्हणजे साधारण चार सुया रोज. मधली सुट्टी हे जेवणच आहे, तेव्हा त्यातली एक सुई शाळेत पडते. मुलगी आधी बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर साखर बघते, मग डब्यात काय आहे ते बघून इन्सुलिनच्या पेनाने डोस घेते. सुई जेमतेम चार मिलिमीटरची. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. ही पाच मिनिटं तिने कुठे काढायची? पुष्कळ शाळांतून उत्तर येतं की संडासात जाऊन घे, बाकीची मुलं घाबरतात. तुम्ही तुमचा डबा संडासात बसून खाल का? ज्या हातांनी ती सुई धरते ते हात स्वच्छ हवेत, उजेड हवा, घाई नको. वर्गातला शेवटचा बाक चालेल, शिक्षकांच्या खोलीतली खुर्ची चालेल. मुलं घाबरत नाहीत. पहिल्या दिवशी बघायला गोळा होतात, दोन-तीन प्रश्न विचारतात आणि मग त्यांना त्याचं काही वाटेनासं होतं. लपवलं की कुजबुज सुरू होते. "तिच्या डब्यातलं खाऊ नको, तुलाही होईल" हे वाक्य आमच्यातल्या अनेकांच्या मुलांनी ऐकलंय. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही, एवढं वर्गात एकदा बाईंनी मोठ्याने सांगितलं की पुरतं. आम्ही आईबाप ते शंभर वेळा सांगितलं तरी पुरत नाही.

वापरलेली सुई वर्गातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, हे मात्र मुलाला आणि शिपाईमामांना दोघांनाही सांगून ठेवा. जाड प्लास्टिकची झाकणाची बाटली आम्ही देतो, भरली की घरी नेतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे शुगर लो होणं. डबा कमी खाल्ला, पीटीच्या तासाला खूप पळापळ झाली, जेवण लांबलं, की इन्सुलिन घेणाऱ्या मुलाची साखर ७० च्या खाली जाऊ शकते. तेव्हा मूल घामाघूम होतं, थरथरतं, फिकट पडतं, खूप भूक लागते. पण तुम्हाला वर्गात हे असं सरळ दिसणार नाही. तुम्हाला दिसेल की एरवी शांत असलेलं पोर उगाच चिडतंय, रडतंय, फळ्याकडे नुसतं बघत बसलंय, अक्षर वाकडं जातंय, बाकावर डोकं टेकून झोपतंय, विचारलं तर भलतंच काहीतरी उत्तर देतंय. याला आळस किंवा मस्ती समजून त्याला उभं केलं, वर्गाबाहेर काढलं, तर पुढच्या काही मिनिटांत ते बेशुद्ध पडू शकतं. आणि इथेच आजोबांच्या मधुमेहाचं ज्ञान आडवं येतं. मूल साखर मागतं आणि समोरचं मोठं माणूस म्हणतं, "अरे, तुला डायबेटिस आहे ना? गोड कसं देऊ?"

द्या. लगेच द्या. त्या क्षणी साखर हेच औषध आहे. मोठ्या मुलाला तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात कालवून, लहान मुलाला त्याहून थोडी कमी. नेमकी किती ते आम्ही लिहून देऊ. चॉकलेट तेव्हा कामाचं नाही, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच द्या. बरं वाटलं की बिस्किट, पोळी, जे असेल ते खाऊ द्या. या वेळात मुलाला एकटं सोडू नका. "जा, ऑफिसात जाऊन साखर खाऊन ये" असं म्हणून जिन्यावरून एकटं पाठवलं तर ते वाटेत पडू शकतं. साखर त्याच्यापर्यंत यायला हवी. मूल बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल, तर मात्र तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, मग आम्हाला. साखर तपासायला यंत्र हाताशी नसेल आणि शंका असेल, तरीही शुद्धीवर असलेल्या मुलाला साखर द्यावीच. दिली आणि लागत नव्हती, तर तासभर साखर थोडी जास्त राहील. लागत होती आणि दिली नाही, तर काय होईल ते वर लिहिलंच आहे.

उलट बाजूही आहे. साखर वाढली की मुलाला सारखी तहान लागते आणि सारखं लघवीला जावं लागतं. अशा मुलाला तास संपेपर्यंत थांब म्हणणं ही शिक्षाच आहे. पाण्याची बाटली बाकावर असू द्या, बाहेर जायला हात वर करायलाही लागू नये.

इथे मुख्याध्यापकांना एक विनंती, ज्या मुलांना हा आजार आहे हे अजून कुणाला माहीतच नाही त्यांच्यासाठी. एखादं चांगलं हिंडतंफिरतं मूल दोन-तीन आठवड्यांत वाळत चाललंय, सारखं पाणी पितंय, तासाला दोनदा लघवीला जातंय, थकलेलं दिसतंय, आणि घरी विचारलं तर आई सांगते की इतक्या वर्षांनी पुन्हा अंथरूण ओलं करतंय किंवा लघवीच्या जागी मुंग्या लागतात, तर पालकांना त्याच दिवशी सांगा की रक्तातली साखर तपासून घ्या. यात दिवस गेले तर उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास अशी अवस्था येते, आणि पोटाचा विकार समजून नुसतं सलाईन लावलं जातं. आमच्या बाकावरच्या निम्म्याअधिक पालकांची सुरुवात अतिदक्षता विभागातूनच झालेली आहे. मुलाला रोज पाच-सहा तास बघणारं, आईबापांखेरीज दुसरं मोठं माणूस म्हणजे त्याचे शिक्षक. हे तुमच्या नजरेला आमच्याही आधी दिसू शकतं.

नियमांचं म्हणाल तर तिथे अगदीच अंधार नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली टाइप वन असलेल्या दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळ, थोडा खाऊ आणि पाण्याची छोटी बाटली जवळ ठेवायची परवानगी दिली. २०२३ साली राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने सगळ्या राज्यांना लिहिलं की या मुलांना शाळेत साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, डॉक्टरांनी सांगितलेला खाऊ खाऊ द्या. उत्तर प्रदेशाच्या शिक्षण विभागाने त्यावर आपल्या शाळांना सूचनाही काढल्या. २०२२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने टाइप वनसाठी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. दिव्यांग हक्क कायद्याच्या २०१६ च्या यादीतल्या २१ प्रकारांत थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, सिकल सेल आहे. टाइप वन नाही. तो यादीत असावा की नसावा यावर आमच्यातच दोन मतं आहेत. काही पालकांना सवलती हव्यात, काहींना मुलाच्या नावापुढे तो शिक्का नको आहे. दोघांचंही मला पटतं. पण मधल्या सुट्टीतल्या सुईसाठी कायद्याची वाट बघायची गरज नाही. त्याला मुख्याध्यापकांच्या सहीचा एक कागद पुरतो.

तो कागद नसल्यामुळे काय होतं ते सांगतो. शाळा म्हणते जबाबदारी आमची नाही, मग आई शाळेच्या फाटकाबाहेर बसते. कुठे झाडाखाली, कुठे स्टेशनरीच्या दुकानाच्या पायरीवर. घंटा झाली की आत जाते, सुई देते, बाहेर येते. नोकरी असेल तर ती सुटते. मजुरी असेल तर तो दिवस बुडतो आणि साखर तपासायच्या स्ट्रिपांचा खर्च तेवढाच राहतो. याच आईने रात्री दोन-तीन वाजता उठून मुलाची साखर तपासलेली असते, कारण दिवसा खूप खेळणं झालं की झोपेत साखर उतरते. वर्षानुवर्षं सलग झोप नाही. धाकट्याचा गृहपाठ राहून जातो, त्याचं दुखणंखुपणं "तुझं काय एवढं" म्हणून मागे पडतं, आणि तोही हळूहळू काही सांगेनासा होतो. घरात कुणी मोठ्याने म्हणत नाही, पण सासरचं माणूस आईकडे बघतं, जणू हे तिच्यामुळेच झालं. ओपीडीच्या बाकावर बायका हे एकमेकींना सांगतात, रडतात, आणि पदराने तोंड पुसून पुढच्या तारखेचं विचारतात. पुरुष तिथे कमी असतात. जे असतात ते हिशेबाचं बोलतात. मीही तेच बोलतो, आणि माझ्या मनात तेव्हा वेगळंच काही चाललेलं असतं. मुलाच्या आजारात पूर्ण घर आजारी पडतं. त्यातला शाळेच्या वेळेपुरता भार कुणी उचलला, तर त्या आईला दुपारी तासभर पाठ टेकता येईल. माझ्या मते ही मागणी मुलाच्या औषधाइतकीच आरोग्याची आहे.

आमच्यातल्या काही मुलांना असे शिक्षक मिळालेतही, हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. एका बाईंनी स्वतःच्या टेबलाच्या खणात ग्लुकोजचा पुडा ठेवलाय आणि बदली शिक्षक येणार असेल तर त्याला आधी तो दाखवतात. खो-खोच्या सरावाला एक सर मुलाची साखर विचारल्याशिवाय शिट्टी वाजवत नाहीत, आणि मूल संघात मात्र ठेवतात. हे फार मोठं आहे. कारण सोपा मार्ग उलटा असतो: सहलीला नेऊ नका, स्नेहसंमेलनात नाचायला घेऊ नका, खेळाच्या तासाला बसवून ठेवा. काळजीपोटीच होतं हे, मला कळतं. पण टाइप वन असलेल्या मुलाने खेळायलाच हवं. खेळाआधी साखर बघायची आणि जवळ खाऊ ठेवायचा, एवढंच. वर्गात कुणाच्या वाढदिवसाचं चॉकलेट वाटलं जातं तेव्हा तिला वगळू नका, तिच्याही हातावर द्या. ते आत्ता खायचं की जेवणाच्या डोसबरोबर, हे तिला कळतं. संक्रांतीचा तिळगूळही तसाच. शालेय पोषण आहाराची खिचडीही चालते, फक्त ती किती वाढली हे मुलाला आधी कळावं आणि वाढायला उशीर होऊ नये, कारण सुई घेऊन ताट समोर नसणं धोक्याचं आहे.

१४ नोव्हेंबरला आपल्या शाळांत बालदिन असतो. त्याच तारखेला जागतिक मधुमेह दिनही असतो, कारण इन्सुलिनच्या शोधातले फ्रेडरिक बँटिंग १८९१ मध्ये याच दिवशी जन्मले. यंदाच्या बालदिनाच्या परिपाठात पाच मिनिटं याला द्या. ज्या शाळेत असं मूल आहे तिथे त्या मुलाला विचारून द्या. त्याला नको असेल तर त्याचं नाव घेऊ नका.

आमची मागणी शेवटी एवढीच आहे. शाळेत असं मूल असेल तर शाळेतलं एक मोठं माणूस, आणि ते रजेवर असताना दुसरं एक, या मुलासाठी ठरवून द्या. शिक्षक असो, लिपिक असो, शिपाई असो. त्याने सुई टोचावी असं आम्ही म्हणत नाही. मोठी मुलं स्वतः घेतात, लहानांसाठी काय करायचं ते बसून ठरवता येईल. त्या माणसाला साखर लो झाल्याची लक्षणं माहीत हवीत, ग्लुकोज कुठे ठेवलाय ते माहीत हवं आणि आमचा फोन नंबर त्याच्याकडे हवा. शिकवायला आम्ही येऊ. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी शिक्षक कामावर येतात, तेव्हाचा अर्धा तास द्या. डॉक्टरांचं पत्र, डोसचा तक्ता, ग्लुकोजचे पुडे, जास्तीचा ग्लुकोमीटर, सगळं आम्ही आणू. मुलाच्या वर्गाच्या दारामागे चिकटवायला लक्षणांचा कागदही आम्हीच मराठीत लिहून आणू. आणि सहा ते चौदा वयाच्या कुठल्याही मुलाला शाळा नाकारता येत नाही हे आपण जाणताच. तेव्हा "दुसरीकडे बघा" हे उत्तर कुणा पालकाला यापुढे मिळू नये.

पुढच्या ओपीडीला बाकावर कुणी तोच प्रश्न विचारला, तर तुमच्यापैकी कुणाचं तरी नाव सांगता यावं, अशी मनापासून इच्छा आहे. आपल्या उत्तराची वाट बघतो.

आपला,
टाइप वन मधुमेह असलेल्या एका मुलीचे वडील